स्टुटगार्टला मंडळ काढायचं म्हणताय

दादा, तुम्ही विचारलंय की पुढच्या वर्षी सांगलीहून स्टुटगार्टला येतोय, सोबत बायको, पाच वर्षांची मुलगी आणि आई. घर एकादश्या-चतुर्थ्या पाळणारं. तर नेमधर्माची आणखी घरं गाठून महिन्याला भेटायचं म्हटलं तर जमेल का. व्हिसा, विमा, बँक यांचं मी काही सांगत नाही, ते कुठेही मिळेल. मुलीचं वय वाचलं आणि लिहायला बसले. 2013 साली आम्ही आलो तेव्हा माझीही तेवढीच होती.

जमतं. मराठी गणपतीला जा आणि जेवणाच्या रांगेत ‘यात कांदा आहे का’ असं हळूच विचारणारी माणसं हेरा. आमची पहिली तीन घरं मी अशीच गोळा केली.

एक मात्र आधी ठरवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात भांडाल: पंचांग कुठलं धरायचं? तिथी सूर्योदयाला बघतात. जूनमध्ये पुण्यानंतर जवळपास तीन तासांनी इथे सूर्य उगवतो, डिसेंबरात पावणेसहा तासांनी. मधल्या वेळात तिथी पालटली की इथली एकादशी सांगलीच्या आदल्या दिवशी येते. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणे, जिथे राहतो तिथला सूर्य खरा. दुसरा म्हणे, पंढरपूरला जो दिवस तोच आपला. मी पहिल्या तटात, अजूनही.

संकष्टीचं तर विचारूच नका. कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ इथे कामाची नाही. जूनमध्ये सूर्यच साडेनऊला मावळतो आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. पहिल्या वर्षी पाच घरं आमच्या बाल्कनीत ताटकळत उभी. मुलं आत सोफ्यावर आडवीतिडवी झोपलेली, मोदक गार, वर ढग. शेवटी एका काकूंनी फोनवर आकाश दाखवणारं ॲप उघडलं आणि समोरच्या कौलांमागे जिथे चंद्र असायला हवा तिकडे बघून अर्घ्य दिलं. ते खालच्या आजींच्या कुंड्यांत पडलं. रात्री दहानंतर आवाज करायचा नसतो, म्हणून आरती कुजबुजत म्हटली. टाळ्यासुद्धा बोटांनी. ती माणसं मला त्या रात्री जेवढी आपली वाटली, तेवढी पुढे कधी वाटली नाहीत.

मग घर पुरेना. चर्चचं सभागृह भाड्याने मिळतं, माणसंही चांगली असतात. आम्हाला फक्त उघडी ज्योत नको म्हणाले. म्हणून बॅटरीची निरांजनं आली. आईंना हे आधीच सांगून ठेवा.

सभागृहाला पावती कुणाच्या नावाने, पैसे कुणाच्या खात्यात, यावरून संस्था नोंदवायची ठरली. इथे तिला फेराइन म्हणतात. नोंदणीला सात सभासद लागतात. आम्ही सहा घरं, आणि सह्या पुरुषांच्याच असा एकाचा हट्ट. सहाच झाल्या. सातवी नाइलाजाने माझी! पुढे नोटरीसमोर सही, मग हेतूचं कलम मोघम म्हणून कागद परत, मग एका आडनावातलं एक अक्षर पासपोर्टशी जुळत नाही म्हणून परत. सात महिने गेले. त्या फायली अजून आमच्या माळ्यावर आहेत, का ठेवल्यात कोण जाणे.

खरी मेख करसवलतीत होती. घटनेच्या मसुद्यात आम्ही लिहिलं होतं, ‘सभासदत्व पारंपरिक आचार पाळणाऱ्या कुटुंबांपुरतं.’ कर खात्यातल्या बाईंनी साधेपणाने विचारलं, आचार पाळतो की नाही हे ठरवणार कोण? सार्वजनिक हिताची सवलत हवी तर संस्था ठरावीक लोकांच्या बंद वर्तुळापुरती असून चालत नाही, असा इथला कायदा. आम्ही ती ओळ काढली. कागदावरून.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. सवय होते.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. धर्माच्या तासाला वर्गातली मुलं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी वाटली जायची आणि माझी मुलगी दुसऱ्याच वर्गात मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसायची. मंडळाचा घाट मी घातला तो खरं तर त्या बाकामुळे. चौथीनंतर इथे मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. तिला गणितात चांगले गुण होते, पण बाईंनी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियम शाळेऐवजी तिच्याखालची रेआलशूल सुचवली. कारण काय, तर घरी जर्मन बोलत नाहीत, पुढे झेपणार नाही. 2018 सालची गोष्ट. तेव्हा आमच्या राज्यात ती शिफारस बंधनकारक नव्हती, आम्ही नाही म्हणू शकत होतो. हे म्हणाले, बाईंना जास्त कळतं. मी गप्प बसले. मुलगी आता सतरा वर्षांची आहे, तिचं छान चाललंय. मला मात्र ते वाक्य अजून रात्री आठवतं.

त्याच वर्षी परभणीकडचं एक जोडपं यायला लागलं. दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात तीन पिढ्यांची वारी. ताईंचा आवाज असा की पेटी थांबवून ऐकत राहावं. तिसऱ्या एकादशीला त्या फराळाच्या तयारीला म्हणून सभागृहाच्या स्वयंपाकघरात आल्या. आमच्यातल्या एकीने गोड आवाजात विचारलं, ‘तुमचं आडनाव काय म्हणालात?’ आणि मग, ‘तुम्ही बाहेर भजनाचं बघा ना, इथलं आम्ही करतो.’ ताईंनी हातातली भगर तशीच ओट्यावर ठेवली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, दाण्याचं कूट करत. सातवी सही माझी, किल्ली माझ्याकडे. मी कूट करत राहिले.

ते दोघं पुन्हा आले नाहीत. मंडळ आहे अजून, चार घरांचं. वर्षातून दोनदा भेटतो.

गेल्या हिवाळ्यात त्या ताई मला एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, दिसल्या. म्हणाल्या, आमचं भजन घरीच होतं आता, येतात दहा-बारा जण. कुठे, कधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. तुमच्या आईंना एकादशीला बसायची ती खरी जागा. नंबर अजून तोच असेल, तर तुम्ही यायच्या आत मी त्यांना फोन करून विचारते, तुम्हाला दिला तर चालेल का.