गाठीतल्या पेशी मेल्या, मग जंतू कुठंय?

तुम्ही परभणीहून विचारलंय: बहीण २२ वर्षांची, मानेत गाठी, तीन आठवडे ताप, बायोप्सीत 'किकुची' हा गाठी सुजण्याचा आजार निघाला. डॉक्टर म्हणतात व्हायरसनं सुरू झालं असेल, पण तो सापडला नाही. घरचे म्हणतात गंडमाळच आहे, टीबीच्या गोळ्या द्या.

मी लातूरला बायोप्सीच्या काचा बघते. घरच्यांना हसू नका, आपल्याकडे टीबी मोप आहे. मीही आधी तोच शोधते. टीबीच्या गाठीत मधोमध चक्क्यासारखा मेलेला भाग असतो, भोवती पेशींचं कडं. किकुचीत पेशींचा नुसता भुगा पडलेला, आणि तो खाऊन फुगलेल्या हिस्टिओसाइट पेशी. त्यांचं केंद्रक कडेला चंद्रकोरीसारखं दबलेलं. माझी नजर मात्र न्यूट्रोफिल शोधते. पू करणाऱ्या या पेशी एवढ्या भुग्याजवळ जवळपास फिरकतच नाहीत.

कारण हा मृत्यू वेगळा आहे. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, तशी व्हायरस आला की मानेतली गाठ सुजते. तिथं सीडी-८ टी पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात आणि बाधित पेशीला आतूनच मिटायला लावतात. काम झालं की त्यातल्या बहुतेक स्वतःही मरतात. हे रोजचंच. किकुचीत ते हाताबाहेर जातं: मारणाऱ्यांत सीडी-८, मरणाऱ्यांतही सीडी-८. एपस्टीन-बार, पार्वोव्हायरस बी-१९ अशा बऱ्याच व्हायरसांवर संशय आला. १९७२ मध्ये किकुची आणि फुजिमोतो यांनी जपानमध्ये हा आजार एकमेकांपासून स्वतंत्रपणे नोंदवला, पण अजून एकावरही गुन्हा शाबीत नाही.

बहुतेकांच्या गाठी एक ते चार महिन्यांत आपोआप बसतात, तापापुरतं औषध लागतं. काचेत टीबी नसेल आणि सीबीनॅटही (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) निगेटिव्ह असेल, तर 'असू द्या' म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना कारण विचारा. त्या लिव्हरला सोप्या नाहीत. एएनए ही रक्ततपासणी मात्र करून घ्या. काहींना पुढं ल्युपस निघतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. उन्हात गालावर चट्टे, सांधेदुखी, तोंडात फोड दिसले तर वर्षानंतरही दाखवा.

कधीकधी किकुची लिम्फोमासारखा, म्हणजे गाठींच्या कॅन्सरसारखाही दिसतो. शंका असेल तर काचा आणि गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. फक्त मे महिन्यात ब्लॉक गाडीत ठेवून जाऊ नका. मेण आहे ते.