इलेक्ट्रिक गोल्फ कार्टचा कमाल वेग वाढवण्यासाठी नेमके काय बदलावे?

जॉर्जियातील पीचट्री सिटीमध्ये आपण ३६ व्होल्टची जुनी ईझी-गो टीएक्सटी कार्ट घेतली आहे, ती सपाट रस्त्यावर ताशी १४ मैलांपुढे जात नाही, आणि मोठे टायर बसवून ती २५ मैलांपर्यंत नेता येईल का, असे आपण विचारले आहे. केवळ टायरने ते होणार नाही. इतर बदल करून २५ गाठता येतात, पण ब्रेक आणि कायदा या दोन्ही कारणांसाठी आपण १८-१९ मैलांवर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो, आणि हे मत त्या कामातूनच बनले आहे.

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी आहे त्या गाडीची तब्येत तपासा. आसनाखाली ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतील. पूर्ण चार्ज करून काही तास उभ्या ठेवल्यावर प्रत्येकीवर सुमारे ६.३ व्होल्ट दिसतात, पण या आकड्यावर विसंबू नये, कारण बसलेली बॅटरीही विश्रांतीत चांगला आकडा दाखवते. दुसऱ्या व्यक्तीला चालवायला बसवून गाडी हळूहळू चढावर न्या आणि भार असतानाच प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. पाच बॅटऱ्या ५.८ च्या आसपास टिकल्या आणि एकच ५ च्या खाली घसरली, तर दोष तिथेच आहे. त्यानंतर केबलच्या टोकांना हात लावून पाहा (आधी गाडी बंद करा आणि अंगठी-घड्याळ काढून ठेवा). जे टोक इतरांपेक्षा गरम लागेल, तिथे जोड सैल झाला आहे किंवा गंजला आहे. ब्रेक शू ड्रमला घासत आहेत का आणि टायरमधील हवा कमी आहे का, हेही पाहावे. एवढ्याने मैल-दीड मैल वेग परत मिळतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

मग मोटर कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. मोटरवरच्या चारही केबल सारख्याच जाड असतील तर ती सिरीज मोटर आहे, म्हणजे तिच्या फिरणाऱ्या भागातून आणि चुंबकत्व निर्माण करणाऱ्या स्थिर गुंडाळीतून (फील्ड) एकच प्रवाह जातो. दोन जाड आणि दोन बारीक असतील तर तिच्या फील्डला वेगळा पुरवठा होतो आणि कंट्रोलर (पेडलनुसार मोटरला प्रवाह देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तिचा वेग स्वतः मर्यादित ठेवतो. अशा गाडीत कंट्रोलरच्या सेटिंग बदलूनही काही प्रमाणात वेग वाढतो, मात्र व्होल्टेज वाढवायचे असल्यास मोटर आणि कंट्रोलर यांची जोडी जुळवूनच घ्यावी लागते. पुढील विवेचन सिरीज मोटरसाठी आहे.

सिरीज मोटरचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. ३६ वरून ४८ व्होल्टवर गेल्यास वेग सुमारे एक-तृतीयांश वाढतो, म्हणजे १४ मैलांची गाडी साडेअठरा मैलांच्या आसपास जाते, आणि चढावरची ओढही कमी होत नाही. ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांच्या जागी ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या साधारण तेवढ्याच जागेत बसतात. मात्र त्याबरोबर ४८ व्होल्ट पेलणारा कंट्रोलर, ४८ व्होल्टच्या कॉइलचा सोलेनॉइड (मुख्य प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच), नवा चार्जर, दिव्यांसाठी १२ व्होल्ट देणारा रेड्यूसर आणि अधिक जाड केबल हे सर्व घ्यावे लागते. आसनाखालच्या पुढे-मागे करण्याच्या लिव्हरचा स्विच उघडून त्याचे तांब्याचे संपर्क जरूर पाहा. या स्विचमधून मोटरचा संपूर्ण प्रवाह जातो, त्यामुळे काळे पडलेले किंवा वितळून खड्डे पडलेले संपर्क तसेच ठेवून प्रवाह वाढवणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी परवडत असेल तर ती अधिक चांगली. शिशाच्या सहा बॅटऱ्यांचे वजन १७० किलोच्या आसपास असते, तर १०० अँपिअर-तासांची ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी साधारण ५० किलोची असते. फक्त तिच्यातील संरक्षक सर्किट किती प्रवाह सोडते, हे कंट्रोलरशी ताडून घ्या, अन्यथा गाडी चढावर मध्येच बंद पडेल.

आता मोठ्या टायरविषयी. १८ इंचांऐवजी २२ इंचांचे टायर लावल्यास वेग हिशेबाने २२ टक्के वाढतो, पण ओढ जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात कमी होते, मोटर जास्त प्रवाह खेचते आणि तापते. त्यासाठी गाडी उंच करावी लागली तर ती वळणावर कलंडण्याचा धोकाही वाढतो. डिफरन्शियलमधील (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीतील) १२.४४ चे गिअर, म्हणजे मोटरच्या १२.४४ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा देणारे, काढून ८ च्या जवळचे बसवले तरी हीच अडचण येते. गिअर तेच ठेवून केवळ मोटर पळवायची म्हटले, तर १८ इंची टायरवर १४ मैलांना मोटर मिनिटाला सुमारे ३२५० फेरे घेते आणि २५ मैलांना तिला ५८०० घ्यावे लागतील. एवढ्या फेऱ्यांना मूळ आर्मेचरची (मोटरच्या फिरणाऱ्या भागाची) गुंडाळी सुटण्याचा धोका असतो. याच कारणामुळे मागची चाके जॅकवर उचलून सिरीज मोटरला पूर्ण पेडल कधीही देऊ नये. भार नसेल तर ती बेसुमार वेग घेते.

ब्रेकविषयी मी अधिक आग्रही आहे. आपल्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत, तेही केबलने ओढले जाणारे ड्रम ब्रेक. १४ वरून २५ मैलांवर गेल्यास थांबवायची ऊर्जा तिपटीहून अधिक होते. दारे नसलेल्या या गाडीत कडेला बसलेले मूल जोराच्या वळणावर बाहेर फेकले जाऊ शकते, आणि मागे तोंड करून बसलेल्यांना तर धरायला एक दांडी असते, तेवढाच आधार. कायद्याचेही तसेच आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या संघीय नियमानुसार ताशी २० मैलांहून अधिक आणि २५ मैलांपर्यंत वेग असलेली अशी चारचाकी ‘लो स्पीड व्हेइकल’ ठरते. तिला दिवे, इंडिकेटर, आरसे, समोरची काच, सीट बेल्ट आणि वाहन ओळख क्रमांक असावा लागतो. ४८ व्होल्ट आणि २२ इंची टायर हे दोन्ही एकदम केल्यास आपण नकळत २२-२३ मैलांवर, म्हणजे या वर्गात जाल. म्हणून मी मूळ आकाराचे टायरच ठेवण्यास सांगत आहे.

व्होल्टेज वाढवण्याच्या आधीच नवे ब्रेक शू आणि ब्रेक केबल बसवून घ्या, सीट बेल्ट लावा, आणि काम सुरू करताना गाडीच्या मुख्य बॅटरी केबल सोडवून ठेवा. मोटरवरच्या पाटीचा मजकूर आणि सध्याच्या कंट्रोलरचा क्रमांक येथे लिहिल्यास नवा कंट्रोलर किती अँपिअरचा असावा, ते मी सांगू शकेन.