वाइडबॉडीवर (मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानावर) नव्याने आलेल्या फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) पत्र

प्रिय फर्स्ट ऑफिसर,
सप्रेम आशीर्वाद.

बोइंग ७७७ चं टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याची परवानगी) झालं आणि लाइन ट्रेनिंगमध्ये (प्रवाशांसह होणाऱ्या प्रशिक्षणात) पहिलंच उड्डाण मुंबई–लंडन लागलं, मनापासून अभिनंदन. छोट्या ए३२० वर दिवसाला चार-चार लँडिंग करून तू आली आहेस, हात तयार आहे. पण इथे हाताची परीक्षा कमीच होते. छोट्या सेक्टरवर (उड्डाणावर) चूक झाली तर तासाभरात समोर येते, कारण तेवढ्यात उतरायचंच असतं. लांब पल्ल्यावर तीच चूक आवाज न करता वाढत राहते आणि सहा-सात तासांनी, सगळे दमलेले असताना, पुढ्यात उभी राहते. म्हणून मधल्या तासांत काय पाहायचं आणि ते पाहण्याइतकं जागं कसं राहायचं, यावरच मी जास्त लिहितो आहे.

ब्रीफिंगला गेलीस की इंधनाच्या आकड्याआधी मार्ग बघ. मुंबईहून युरोपला जाण्याचा रस्ता आता गृहीत धरता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. जून २०२५ मध्ये संघर्ष पेटला तेव्हा इराण आणि इराकचं आकाश अचानक बंद झालं. त्यामुळे मागच्या आठवड्याचा प्लॅन आठवून चालायचं नाही. वाटेतले कुठले विमानतळ आज, आपण तिथून जाणार त्या वेळेला, खरोखर वापरता येतील ते नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचून ठरव: धावपट्टी रात्री बंद आहे का, अग्निशमन श्रेणी कमी केली आहे का, हवामान मर्यादेत आहे का. मार्ग पूर्व तुर्कस्तानवरून असेल तर तिथे अरारतसारखा ५,१३७ मीटर उंच डोंगर आहे. केबिनचा दाब गेला तर तिथे मास्कशिवाय श्वास घेता येईल अशा दहा हजार फुटांवर सरळ येता येत नाही. प्रवाशांच्या ऑक्सिजनचे जनरेटर काही विमानांत १२ मिनिटांचे असतात, काहींत २२ मिनिटांचे. आपल्या विमानात कुठले आहेत आणि तेवढ्या वेळात कुठल्या दिशेला वळून खाली यायचं, हे त्या भागात शिरण्याआधी कॅप्टनशी बोलून ठेव.

आता इंधन. ७७७-३००ईआर सरासरी ताशी साडेसात टनांच्या आसपास पितं. लंडनला पोचायला सत्तर टन लागणार असतील तर पाच टक्के कंटिन्जन्सी (अनपेक्षित गोष्टींसाठीचं जादा इंधन) म्हणजे साडेतीन टन. त्यावर पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि ३० मिनिटांचा फायनल रिझर्व्ह (शेवटचा राखीव साठा). याउपर एक टन जास्त घेतलं तर ते वाहून नेण्यातच अडीचशे ते साडेतीनशे किलो जळतात. म्हणून ‘असू दे थोडं’ म्हणून भरू नये, कारण असेल तर जरूर भरावं. हीथ्रोचं कारण नेहमीचं आहे. तिथे ‘नो डिले’ म्हटलं तरी स्टॅकमध्ये (उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालण्याच्या जागी) वीस मिनिटं फिरावं लागू शकतं, आणि ते ब्रिटनच्या पद्धतीत छापलेलं आहे. वीस मिनिटं म्हणजे सुमारे दोन टन. हे दोन टन तुझ्या हिशेबात कुठे बसतात, ते निघण्याआधी तुला सांगता आलं पाहिजे.

क्रूझमध्ये (चढण आणि उतरण यांच्या मधल्या उड्डाणात) प्रत्येक वेपॉइंटला (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूला) वेळ आणि उरलेलं इंधन प्लॅनशेजारी लिही. नुसतं बघून मान हलवू नकोस, लिही. शिवाय एक बेरीज कर: जळालेलं अधिक उरलेलं, बरोबर निघतानाचं. बेरीज जुळते पण उरलेलं प्लॅनपेक्षा कमी आहे, तर वारा, लेव्हल (उंची) किंवा वजन बघायचं. बेरीजच दर वेपॉइंटला घटत चालली असेल तर गळतीची शंका घ्यायची, आणि गळती नाही याची खात्री होईपर्यंत क्रॉसफीडला (दोन्ही बाजूंचं इंधन जोडणाऱ्या झडपेला) हात लावायचा नाही. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटचं टोरोंटो–लिस्बन ए३३० अटलांटिकवर होतं. उजव्या इंजिनाकडे गळती होती. टाक्यांतला असमतोल दूर करायला क्रॉसफीड उघडला गेला आणि चांगल्या बाजूचं इंधनही गळतीवाटे गेलं. दोन्ही इंजिनं बंद पडलेलं ते विमान तरंगत येऊन अझोर्समध्ये लाझेसला उतरलं, ३०६ जण वाचले. त्या रात्री इंधनाबद्दल पॅनेलवर आधी दिसला तो फक्त असमतोलाचा इशारा. म्हणून ही बेरीज मी इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

किनारा सोडून अरबी समुद्रावर गेलं की व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) संपतं. मुंबईसाठी व्हीएबीएफ असा लॉगऑन करून सीपीडीएलसी (नियंत्रकाशी लेखी संदेशांची सोय) चालू असतं, सोबत एचएफवर (लांब पल्ल्याच्या रेडिओवर) मुंबई रेडिओ. एचएफवर सेलकॉल (फक्त आपल्या विमानाला बोलावणारी घंटी) तपासून घेतल्याशिवाय हेडसेट काढू नकोस. सीपीडीएलसीवर संदेश आला की दोघांनी आधी आपापला मनात वाचायचा, मग बोलायचं. घात करतो तो सशर्त संदेश. ‘अमुक वेळेला चढा’ असं लिहिलेलं असतं, डोळ्यांना फक्त ‘एफएल ३६० ला चढा’ (३६ हजार फुटांवर) एवढंच दिसतं आणि विमान वीस मिनिटं आधीच चढायला लागतं. पहाटे तीनला हे सहज होतं. ‘ॲट’ दिसलं की ती वेळ किंवा तो बिंदू कागदावर लिही, आणि मगच ‘विल्को’ (समजलं, पाळतो) पाठव. नवा मार्ग आला तर बॉक्समध्ये (विमानाच्या मार्ग-संगणकात) भरल्यावर प्रत्येक टप्प्याचा ट्रॅक (दिशा) आणि अंतर तपास. बिंदूचं एक अक्षर चुकलं तरी तिथे ते लगेच उघडं पडतं.

मान्सूनच्या तोंडावर याच समुद्रावर ढगांच्या भिंती उभ्या राहतात. वळण्याची परवानगी लवकर माग, शंभर मैल आधी, कारण एचएफवर उत्तर यायला वेळ लागतो. परवानगी मिळालीच नाही आणि ढग टाळणं भाग असेल तर पद्धत पाठ हवी: दिवे लाव, १२१.५ आणि १२३.४५ या रेडिओ फ्रीक्वेन्सींवर आसपासच्या विमानांना सांग, आणि ठरलेल्या मार्गापासून पाच मैलांपेक्षा जास्त जायचं असेल तर पाच मैलांच्या सुमारास लेव्हल ३०० फुटांनी बदल. पश्चिमेकडे जाताना उजवीकडे वळलीस तर ३०० फूट खाली, डावीकडे वळलीस तर ३०० फूट वर. परतीला, पूर्वेकडे, नेमकं उलट. पाच मैलांच्या आत असशील तर लेव्हल तीच ठेवायची.

सप्टेंबर २०२३ पासून इराक-इराणच्या बाजूला आणि पूर्व भूमध्यावर जीपीएस फसवणूक (खोटे संकेत पाठवणं) सर्रास होते. आधी कॉकपिटचं घड्याळ चुकतं, मग नकाशावर विमान भलतीकडे सरकतं, कधी ३८ हजार फुटांवर जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र ‘पुल अप’ ओरडतं. कंपनीच्या पद्धतीप्रमाणे त्या भागात शिरण्याआधी जीपीएसचं अपडेटिंग बंद करायचं असेल तर ते वेळेवर कर, जागा व्हीओआर-डीएमईशी (जमिनीवरच्या रेडिओ दिशादर्शकांशी) ताडून बघ, मनगटावर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लावलेलं साधं घड्याळ ठेव. त्या भागातून बाहेर पडल्यावरही बिघडलेली माहिती विमानात राहू शकते, हे उतरण्याच्या ब्रीफिंगमध्ये बोल.

हीथ्रोला डायरेक्टरच्या (उतरणाऱ्यांची रांग लावणाऱ्या नियंत्रकाच्या) पहिल्या कॉलवर कॉलसाइन आणि विमानाचा टाइप, बस. पुढे वेग सांगतील तोच: २२०, १८०, मग चार मैलांपर्यंत १६० नॉट. नेमका धर, मागे रांग असते. तिथला दाब कमी असेल त्या दिवशी क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा दाब) ‘नाइन नाइन टू’ येईल. अमेरिकेहून नुकती आलेली असशील तर कान त्याचं २९.९२ (इंचांतला दाब, म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल) करून टाकतो. फरक २१ हेक्टोपास्कलचा, म्हणजे विमान दाखवतं त्यापेक्षा सुमारे ६०० फूट खाली असतं. म्हणून हजाराखालच्या आकड्यापुढे ते ‘हेक्टोपास्कल्स’ म्हणतात. तूही परत म्हण.

न्यूयॉर्क लागलं की आणखी एक गोष्ट वाढेल. तिथे जेट ए हे इंधन मिळतं, ते उणे ४० ला गोठू शकतं. आपलं जेट ए-१ उणे ४७ ला. हिवाळ्यात परतताना टाकीचं तापमान लॉगमध्ये दर तासाला लिही. उणे ३७ जवळ येऊ लागलं तर वेग वाढव किंवा खाली ये. वेग ०.०१ माखने (ध्वनीच्या वेगाच्या शंभराव्या भागाने) वाढवून अर्धा-पाऊण अंशच मिळतो, म्हणून लवकर सुरुवात करावी लागते.

झोपेकडे मी कामाचाच भाग म्हणून बघतो. साडेनऊ तासांच्या उड्डाणात तिघे असतील तर चढण आणि उतरण वगळून प्रत्येकाच्या वाट्याला अडीच-पावणेतीन तासांचा बंक (झोपण्याची पाळी) येतो. पहिला बंक मिळाला की बहुतेकांना झोप लागत नाही, म्हणून निघायच्या दुपारी दीड-दोन तास झोपून ये. कॉफीचा अर्धा असर पाच-सहा तास टिकतो. बंकच्या चार तास आधी ती बंद. बंकमधून उठल्यावर वीस-पंचवीस मिनिटं डोकं जड असतं, तेवढ्यात कुठलाही निर्णय घेऊ नकोस आणि टॉप ऑफ डिसेंटच्या (खाली यायला सुरुवात करण्याच्या) तोंडावर सीटवर येऊ नकोस. लंडनला चोवीस-छत्तीस तास असशील तर शरीर भारताच्याच वेळेवर ठेव. न्यूयॉर्कचा साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक असा जिरवता येत नाही. तिथे झोप दोन तुकड्यांत घे, दोन्ही मिळून आठ तास भरू देत. आणि खरंच झोप झाली नसेल तर निघण्याआधी सांग. फटीग रिपोर्ट (थकव्याचा अहवाल) लिहायला संकोच करू नकोस, तो नियमाने दिलेला हक्क आहे.

दारूबद्दल बारा तासांचा नियम तुला माहीत आहे. परदेशाहून आल्यावर भारतातल्या पहिल्या विमानतळावरही ब्रेथलायझर असतो, हे लक्षात ठेव. माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, खोकल्याचं सिरप, घरून आई देते ती द्राक्षासव-अशोकारिष्टासारखी आसवं आणि अरिष्टं, सगळ्यांत अल्कोहोल असू शकतं. बॅगेत ठेवूच नकोस. पहिल्याच खेपेला तीन महिन्यांसाठी परवाना जातो. लंडनच्या औषधाच्या दुकानात डोकेदुखीवर सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत कोडीन असतं. कंपनीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

घरच्यांना रोस्टर आल्या दिवशी पाठव आणि कुठल्या तासांत झोपणार तेही त्यावर लिही. गणपतीसाठी सुट्टीची बिड (मागणी) लवकर टाक.

लँडिंगचं राहिलं. महिन्याला ऐंशी तास उडूनही तुझ्या वाट्याला एखाद-दुसरं लँडिंगच येईल, कारण प्रत्येक उड्डाणात तिघं-चौघं वाटेकरी. नियम ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगचा आहे. तारखा स्वतःच्या वहीत ठेव, साठावा दिवस उलटला की रोस्टरवाल्यांना लिही आणि सिम्युलेटरचा स्लॉट मागून घे. तिथे तीन लँडिंग मोजून परत येऊ नकोस. कडेचा वारा लावायला सांग, पन्नास फुटांवरून गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) माग, आणि वेळ उरला तर क्रॉसफीडच्या चेकलिस्टसह इंधन गळतीचा सराव एकदा पूर्ण करून घे.

कळावे, लोभ असावा.
तुझा ज्येष्ठ सहकारी