वाचकांचे प्रश्न : गुंड्राडा कोणाची लेक?

प्रश्न : निवृत्तीनंतर मध्ययुगीन युरोपातल्या राजघराण्यांच्या वंशावळी मांडायचा छंद लागला आहे. सरेचा पहिला अर्ल विल्यम द वॉरेन याची बायको गुंड्राडा. एका जुन्या पुस्तकात ती इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाची मुलगी आहे, तर नव्या पुस्तकात राजाच्या मुलींत तिचं नावच नाही. कोणाचं खरं मानायचं? शिवाय जिथे तिथे नुसतं 'कझिन' लिहिलेलं असतं. त्यातून नेमकं नातं कसं काढायचं?

उत्तर : नव्या पुस्तकाचं खरं मानावं. गुंड्राडा राजाची मुलगी नव्हती. माझ्या पहिल्या मोठ्या तक्त्यात मीही तिला राजकन्या केलं होतं. तिच्याखाली पाच पिढ्या काढून झाल्यावर चूक कळली आणि अख्खा कागद नव्याने मांडावा लागला. म्हणून तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

गुंड्राडा 1085 मध्ये नॉरफकमधल्या कॅसल एकर इथे वारली. नवराबायकोने मिळून ल्यूइसला मठ स्थापन केला होता, तिथेच तिला पुरलं. 1845 मध्ये त्या मठाच्या अवशेषांतून रेल्वेमार्ग खणताना तिच्या नावाची शिशाची पेटी सापडली. तिच्या थडग्यावरची कोरीव शिळाही आज आहे. त्या शिळेवरच्या लॅटिन ओळींत तिला 'ड्यूकांच्या कुळातली' म्हटलं आहे. राजाची लेक असती, तर ते कोरायचं कोणी सोडलं असतं का? राजाशी नातं जोडलं गेलं ते मठाच्या कागदांतून. आपली संस्थापिका राजकन्या होती असं म्हणता आलं की मठाचा मान वाढतो आणि त्याच्या जमिनींवरचा हक्कही बळकट दिसतो. उलट बाराव्या शतकातला इतिहासकार ऑर्डेरिक व्हायटॅलिस तिला गर्बोड नावाच्या फ्लेमिश (फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या) सरदाराची बहीण म्हणतो.

माझा संशय पुरता फिटला तो मात्र एका मोडलेल्या सोयरिकीमुळे. विल्यम राजाचा मुलगा हेन्री पहिला गादीवर आल्यावर त्याने आपली एक अनौरस मुलगी गुंड्राडाच्या मुलाला द्यायचं मनात आणलं. कँटरबरीचे आर्चबिशप अ‍ॅन्सेल्म यांनी पत्र लिहून हे लग्न नको म्हणून सांगितलं. कारण दिलं ते नात्याचं : दोघांचा समान पूर्वज एका बाजूने चौथ्या पिढीत आणि दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत सापडतो. आता गुंड्राडा खरोखर विल्यमची मुलगी असती, तर ती हेन्रीची बहीण, म्हणजे नवरीची सख्खी आत्या झाली असती, आणि नवरा मुलगा नवरीचा आतेभाऊ! इतकं जवळचं नातं समोर असताना अ‍ॅन्सेल्म सहाव्या पिढीपर्यंत कशाला शोधत बसले असते? राजाची लेक कोण आणि कोण नाही, हे त्यांना नक्कीच माहीत होतं.

'कझिन'बद्दलची तुमची अडचण इथेच सुटते. तक्ता मांडताना ते नाव आहे तसं उतरवून घेऊ नका. प्रत्येक वेळी आपल्या भाषेत विचारा : चुलत, आते, मामे की मावस? आणि सख्खं की दोन पिढ्या दूरचं? उत्तर देता आलं नाही, तर मधला एखादा माणूस अजून हाती लागलेला नाही असं समजा. मला स्वतःला या एका सवयीचा जितका उपयोग झाला, तितका कुठल्याच छापील तक्त्याचा झाला नाही.

त्या काळी चर्चच्या नियमाने सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न निषिद्ध होतं. समान पूर्वजापासून खाली दोन्हीकडच्या पिढ्या मोजायच्या. पण सातव्या पिढीत एकेका माणसाचे 128 पूर्वज होतात, आणि राजघराणी ती किती असणार? घरं तीच, सोयरिकीही त्यांच्यातच. मोजायला बसलं तर जवळपास प्रत्येक लग्न नियमाबाहेर पडायचं. फ्रान्सच्या हेन्री पहिल्याने 1051 मध्ये थेट कीव्हच्या यारोस्लावची मुलगी अ‍ॅना केली, त्यामागे हेही एक कारण असावं असं अनेक अभ्यासक मानतात. शेवटी 1215 मध्ये रोमला भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने सातची मर्यादा चारवर आणली.

तोवर हा नियम नकोशा लग्नातून सुटायची वाट झाला होता. अ‍ॅक्विटेनची एलिनॉर आणि फ्रान्सचा लुई सातवा यांचा संसार पंधरा वर्षांचा, पदरी दोन मुली. मार्च 1152 मध्ये जवळच्या नात्याचं कारण दाखवून तो रद्द झाला. फ्रान्सचा राजा रॉबर्ट दुसरा हा लुईचा खापरपणजोबा आणि एलिनॉरच्या खापरपणजोबांचा बाप, म्हणजे चार पिढ्या इकडे, पाच तिकडे. दोन महिने व्हायच्या आत एलिनॉरने आंजूच्या हेन्रीशी लग्न केलं, तोच पुढे इंग्लंडचा हेन्री दुसरा. आता त्या दोघांचं नातं काढून पाहा. आंजूची एर्मेंगार्ड ही एलिनॉरचीही खापरपणजी आणि हेन्रीचीही! पहिल्या नवऱ्यापेक्षा दुसरा नात्याने जवळचा. हे कोणी काढलं नाही, कारण त्या वेळी ते काढण्यात कोणाचाच फायदा नव्हता. वंशावळ हाती आली की मी आधी हेच पाहते : ही कोणी करवून घेतली, आणि कशासाठी?

डेन्मार्कच्या इंगेबोर्गची गोष्ट वाचताना तर मला अजूनही राग येतो. फ्रान्सच्या फिलिप ऑगस्टसने ऑगस्ट 1193 मध्ये आमियाँला तिच्याशी लग्न केलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला दूर लोटलं. तीन महिन्यांच्या आत काँपियेन इथे सभा भरली. बायकोच्या जवळच्या नातलगाशी लग्नही चर्चला वर्ज्यच होतं; इंगेबोर्ग ही राजाच्या दिवंगत पहिल्या बायकोच्या नात्यातली असल्याचं दाखवणारा वंशवृक्ष पुढे आला, आणि बिशपांसह राजाच्या लोकांनी त्यावर शपथा घेतल्या. तो वंशवृक्ष खोटा होता. त्या पोरीला फ्रेंच येत नव्हतं. निकाल समजल्यावर तिने मोडक्या लॅटिनमध्ये 'वाईट फ्रान्स! रोम, रोम!' असा टाहो फोडला. तिच्या बाजूने डेन्मार्कमधल्या एबेलहोल्ट मठाचे प्रमुख विल्यम उभे राहिले. त्यांनी डॅनिश राजांची खरी वंशावळ मांडली, आणि पोपने 1195 मध्ये तो घटस्फोट फेटाळला. तरीही फिलिपने पुढच्या वर्षी दुसरी बायको केली. इंगेबोर्गला राणीचं स्थान परत मिळायला 1213 उजाडलं. वीस वर्षं गेली त्या बाईची.

मुलींची नावं हवी असतील, तर इतिहासकारांच्या बखरवजा लिखाणापेक्षा जमिनीचे कागद चाळा. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये राजाकडून थेट जमीन धारण करणारा वारला की चौकशी व्हायची : जमीन किती, वारस कोण, त्याचं वय काय. मुलगा नसेल, तर जमीन सगळ्या मुलींत सारखी वाटली जाई. त्यामुळे एरवी कुठेही न दिसणाऱ्या मुली तिथे नावानिशी, वयानिशी आणि नवऱ्यांच्या नावांसकट भेटतात. वारस सज्ञान झाल्याचं सिद्ध करायला गावकऱ्यांच्या साक्षी घेत. 'त्याच्या बारशाच्या दिवशीच माझी बायको बाळंत झाली' अशा धाटणीच्या त्या साक्षी असतात. त्या पुष्कळदा ठरावीक साच्यातल्या असतात, तेव्हा साक्षीदाराच्या घरची हकीकत शब्दशः खरी धरू नका. वारसाचं नाव आणि आईबाप तेवढे टिपून घ्या.

प्रश्न : नातू म्हणतो, आता डीएनए आहे. मग हे कागद कशाला?

उत्तर : त्याला रिचर्ड तिसऱ्याचं उदाहरण सांगा. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत पडलेल्या या राजाचा सांगाडा 2012 मध्ये लेस्टरमधल्या एका वाहनतळाखाली सापडला. आईकडून येणारा डीएनए त्याची बहीण अ‍ॅन हिच्या लेकींच्या लेकींच्या वंशातल्या दोघांशी जुळला. ते दोघं सापडले तेच मुळात कागदांवरून. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा मात्र ब्यूफर्टच्या पाचव्या ड्यूकच्या वंशातल्या पाच पुरुषांपैकी एकाशीही जुळला नाही. कागदावर तो ड्यूक आणि रिचर्ड दोघंही इंग्लंडचा राजा एडवर्ड तिसरा याचे बापाकडून मुलाकडे उतरलेले वंशज. म्हणजे मधे कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे आहेत. कोणत्या पिढीत, ते या तपासणीतून कळत नाही. तक्त्यात एडवर्डपासून ब्यूफर्टांपर्यंतची रेघ आणि एडवर्डपासून रिचर्डपर्यंतची रेघ, दोन्ही पेन्सिलने काढा. अ‍ॅनच्या लेकींची शाईने काढली तरी चालेल.