हंगाम होणार का? भावाआधी नियम वाचा

प्रश्न : डब्ल्यूएनबीएचा (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) हंगाम होईल का, यावरच्या प्रेडिक्शन मार्केटमध्ये (एखादी गोष्ट घडेल का यावर पैसे लावायचा बाजार) ‘हो’चा भाव ७८ सेंट दिसतो. म्हणजे शक्यता ७८ टक्के समजायची का?

थेट तशी समजू नका. ‘हो’ खरं ठरलं तर एका काँट्रॅक्टमागे १ डॉलर मिळतो, नाहीतर शून्य. म्हणून सेंट आणि टक्के एकच वाटतात. पण ठळक दिसणारा आकडा अनेकदा शेवटच्या व्यवहाराचा असतो. ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बोलींची यादी, उघडा. घेणारे ७१ देताहेत आणि विकणारे ७८ मागताहेत असं दिसलं, तर बाजाराचं मत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. ‘हो’ला ७१ देणाऱ्यासमोर ‘नाही’ २९ ला घेता येतं. ७८ आणि २९ मिळून १०७ होतात. वरचे ७ सेंट ही निव्वळ दरी आहे. उलाढाल कमी असली की ती रुंदावते.

वर शुल्क. कॅल्शी या प्रेडिक्शन मार्केटचं नेहमीचं सूत्र ०.०७ × काँट्रॅक्ट × भाव × (१ − भाव) असं आहे, भाव डॉलरमध्ये. ७८ सेंटने १०० काँट्रॅक्ट घेतले तर १.२०१२ डॉलर, पुढच्या सेंटपर्यंत वाढवून १.२१. म्हणजे एका काँट्रॅक्टचा खर्च ७९.२१ सेंट, आणि ना नफा ना तोटा ७९.२१ टक्के शक्यतेवर.

प्रश्न : हंगाम उशिरा सुरू झाला, तर ‘हो’ धरतात की ‘नाही’?

ते शीर्षकावरून कळत नाही, आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. २०२० घ्या. हंगाम मेमध्ये सुरू व्हायचा होता, ३६ सामन्यांचा. कोविडमुळे तो २५ जुलैला फ्लोरिडातल्या ब्रॅडन्टनला सुरू झाला आणि प्रत्येक संघ २२ सामने खेळला. ‘वर्षअखेरपर्यंत एक तरी अधिकृत सामना’ असा नियम असता तर ‘हो’. ‘ठरलेल्या तारखेला’ असता तर ‘नाही’. ‘पूर्ण वेळापत्रक’ असता तरी ‘नाही’. हंगाम एकच, उत्तरं वेगळी.

म्हणून नियमांच्या मजकुरात चार गोष्टी शोधा : शेवटची तारीख आणि वेळ (कोणत्या टाइम झोनची तेही), सराव सामने धरणार का, निकालासाठी कोणता स्रोत मानणार, आणि अर्धवट थांबलेल्या हंगामाचं काय. पॉलिमार्केट या दुसऱ्या बाजारात वादग्रस्त निकाल यूएमए या वाद सोडवणाऱ्या यंत्रणेच्या मतदानापर्यंत जाऊ शकतो. तोवर पैसे अडकतात.

प्रश्न : लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतला कामाचा करार संपला तरी ‘हो’चा भाव कोसळत नाही, असं का?

करार संपणं म्हणजे खेळ थांबणं नव्हे. खेळाडूंनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं, त्यामुळे तो ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. मुदत आधी ३० नोव्हेंबरपर्यंत, मग ९ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. मुदत उलटल्यावरही खेळाडूंचा संप किंवा लीगने केलेली टाळेबंदी होईपर्यंत सहसा जुन्याच अटींवर काम चालतं.

थंडीत नवा करार झाला नसेल, तर त्याला आम्ही फार वजन देणार नाही. २००३ मध्ये हंगाम रद्द करण्याची धमकी दिली गेली होती; समझोता एप्रिलमध्ये झाला आणि मेमध्ये खेळ सुरू झाला. पाहायचं ते उलट मोजून : पहिल्या सामन्याआधी सराव शिबिर, त्याआधी ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं) आणि करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंची भरती. २०२६ च्या हंगामासाठी टोरंटो आणि पोर्टलंड या नव्या संघांची बांधणीही त्यात होती. ही कामं दाटीवाटीनेही बसणार नाहीत अशी वेळ आली, की ‘वेळेवर सुरू’चा भाव पडायला हवा, ‘या वर्षी होईल’चा तितका नाही. दोन्ही सारखेच पडले, तर लोक नियम न वाचता विकताहेत.

प्रश्न : सगळ्यांना खात्री असताना भाव ९२ वरच का अडकतो?

निकाल सहा महिने दूर असेल, तर ९२ गुंतवून ८ मिळायला सहा महिने थांबावं लागतं. उरलेल्या ८ सेंटमध्ये शंकेबरोबर या थांबण्याची किंमतही असते. अडकलेल्या पैशांवर व्याज मिळत असेल तिथे ही किंमत कमी होते.