फ्रेंच शिकायचंय, पण पुढं काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

निकाल लागले की माझ्याकडं येणाऱ्या प्रश्नांचा ढीग वाढतो. साताऱ्यात मी बावीस वर्षं फ्रेंच शिकवते आहे. या वेळच्या पत्रांमधली पाच निवडली आहेत. पाठवणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, गावं तेवढी ठेवली आहेत.

मॅडम, मी कोरेगावची. मराठी माध्यमातून बारावी कला शाखा झाले. मला फ्रेंचमध्ये बी.ए. करायचं आहे, पण फ्रेंचचं एक अक्षर येत नाही आणि इंग्रजीही बेताचंच आहे. मला जमेल का? प्रवेश कुठं मिळेल?

जमेल. इंग्रजीची भीती आधी डोक्यातून काढ. इंग्रजी पुढं लागेल, पण ते फ्रेंचच्या जोडीनं सुधारता येतं. आणि मराठी मुलीच्या हाताशी काही गोष्टी आयत्याच असतात. फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं. इंग्रजीतूनच विचार करणारी मुलं तिथं अडतात. आपण मात्र बोलायला लागल्यापासून ती खुर्ची, तो पलंग म्हणत आलो. यादी तेवढी नवी पाठ करायची: खुर्ची तिथंही 'ती'च आहे, पण चंद्रसुद्धा 'ती' आहे. 'त्यू' आणि 'व्हू' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. मास्तरांना काय म्हणायचं आणि मैत्रिणीला काय, हे तुला कुणी शिकवायला नको.

आकड्यांची गंमत सांगते. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'कात्र-व्हँ' म्हणतात, म्हणजे चार वीस. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. हे ऐकून वर्गातली निम्मी मुलं कपाळाला हात लावतात. माझी आजी कुणी वय विचारलं की 'चार विसा नि दोन' सांगायची. पुण्यातल्या पहिल्या वर्गात हे आकडे फळ्यावर आले, तेव्हा मला एकदम आमच्या सोप्यात बसल्यासारखं वाटलं होतं.

अवघड आहे ते उच्चारांचं. शब्दाच्या शेवटची व्यंजनं लिहायची आणि बहुतेक वेळा गिळून टाकायची. 'र' जिभेनं नाही, घशातून काढायचा. नाकातले स्वर वेगळे. पहिले सहा महिने रोज अर्धा तास मोठ्यानं वाच. मनातल्या मनात वाचून ही भाषा येत नाही.

आता प्रवेश. फ्रेंच हाच मुख्य विषय घेऊन पदवी करायची, तर आपल्याकडच्या मुलींना बहुधा जिल्ह्याबाहेर पडावं लागतं. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय आहे, पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून 'रानडे इन्स्टिट्यूट'च आहे. मुंबई विद्यापीठात फ्रेंचचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ, ही दोन नावंही लिहून ठेव. जेएनयूमध्ये बी.ए. ऑनर्सला भाषा अगदी मुळाक्षरांपासून शिकवतात, प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो आणि फी कमी आहे. 'दिल्ली लांब आहे' म्हणून घरचे कचरतील. मी तरीही म्हणेन, अर्ज भरच.

माझी मुलगी हुशार आहे. तिला फ्रेंच घ्यायचं आहे. आमच्या विट्यात सगळे विचारतात, नर्सिंग-बी.एड. सोडून हे काय? मॅडम, पोट भरेल का? खरं सांगा.

खरं सांगते, दादा. नुसत्या पदवीच्या कागदावर भरणार नाही. भाषेच्या पातळीवर भरेल.

युरोपातल्या भाषांच्या सहा पातळ्या ठरलेल्या आहेत: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. फ्रेंचमध्ये पहिल्या चार पातळ्यांच्या परीक्षेला डेल्फ म्हणतात, वरच्या दोनला डाल्फ. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात, प्रत्येकाला २५ गुण. शंभरापैकी ५० मिळाले की पास, पण एकाही भागात पाचाच्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे नुसतं पाठांतर करून बोलण्यात तोंड न उघडणारी मुलगी इथं नापास होते. हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

नोकरीचं दार उघडतं ते बी-टूला. तिथवर जायला साधारण साडेपाचशे ते सहाशे तासांचं शिकणं लागतं. बी-वनला सोडून दिलेली मुलं मी दरवर्षी बघते, आणि जीव तुटतो. तुमच्या भागात विहीर खणतात. पाणी लागायला दोन हात राहिले असताना काम बंद केलं, तर खणलेलं सगळं वाया. हे तसंच आहे. अर्धवट फ्रेंचला बाजारात भाव नाही.

बी-टूच्या पुढं काय? पुण्यात फ्रेंच कंपन्यांचं हिशेबाचं आणि ग्राहकसेवेचं काम चालतं. फ्रान्समधल्या पुरवठादाराचं बिल वाचायचं, चूक असेल तर त्याला पत्र लिहायचं, फोन करायचा. नुकत्याच पदवी झालेल्या मुलींना पहिली नोकरी बहुधा इथं लागते. दुसरा रस्ता शाळांचा. पाचगणीच्या निवासी शाळा तर आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्याला फ्रेंचसोबत बी.एड. हवं, म्हणजे तुमच्या गावकऱ्यांचं म्हणणंही राहील. महाविद्यालयात शिकवायचं असेल, तर एम.ए. आणि नेट, त्यात फ्रेंच हा विषय आहे. भाषांतर, दुभाषाचं काम, पर्यटन, व्हिसा कार्यालयं, वकिलाती, ही क्षेत्रंही आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांमध्ये फ्रेंच आहे, पण तिथवर पोचणारे फार थोडे. ते स्वप्न दाखवून क्लासची फी घेणाऱ्यांपासून सावध राहा.

एक संधी फारशी कुणाला माहीत नसते. फ्रेंच शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून सुमारे सात महिने काम करता येतं. महिन्याला विद्यावेतन मिळतं. असे सात महिने राहून आलेल्या मुलीची भाषा वेगळीच होऊन येते. तुमची मुलगी दुसऱ्या वर्षाला गेली की तिला याची आठवण करून द्या.

आणि एक विनंती. तिला फ्रेंचच्या जोडीला दुसरं एक कौशल्य घेऊ द्या. हिशेब, संगणक, अध्यापन, काहीही चालेल, पण तिच्या आवडीचं.

मी तासगावचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरची द्राक्षबाग आहे, चुलते बेदाणाही करतात. पुढं निर्यातीत जायचं आहे. आता मोबाइलच भाषांतर करून देतो, मग फ्रेंच शिकण्यात वर्षं कशाला घालवायची?

तू तासगावचा आहेस म्हणून तुझ्याच मालाचं उदाहरण देते. इंग्रजीत बेदाण्याला जो शब्द आहे, तोच, त्याच स्पेलिंगनं, फ्रेंचमध्ये आहे. उच्चार 'रेझँ'. पण फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ द्राक्ष. बेदाणा म्हणायचं तर 'रेझँ सेक', म्हणजे सुकं द्राक्ष. फ्रेंच व्यापाऱ्याच्या यादीतला तो एकटा शब्द इंग्रजीच्या सवयीनं वाचलास, तर एकाच्या जागी दुसऱ्या मालाचा भाव पाठवशील.

असे शब्द मोबाइल बहुतेक वेळा बरोबर ओळखेल, कबूल. अडचण पुढची आहे. फ्रेंच ग्राहक लिहितो, 'नॉर्मालमाँ, गुरुवारी पैसे जमा होतील.' शब्दशः अर्थ 'सामान्यपणे'. बोलणाऱ्याच्या मनात असतं, 'सगळं ठरल्याप्रमाणं झालं तर'. म्हणजे गुरुवार पक्का धरायचा नाही. करारात 'एव्हाँत्युएलमाँ' आलं की इंग्रजी जाणणारा माणूस 'शेवटी होईलच' समजतो, आणि तिथं लिहिलेलं असतं 'झालं तर होईल'. कुणी 'हे उघड नाही' म्हणाला, तर त्याचा अर्थ 'हे सोपं नाही', म्हणजे जवळजवळ नकार. ही नाडी ओळखायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला द्राक्षाचा धंदाही कळत असावा लागतो. तो तू होऊ शकतोस.

युरोपात जाणारी आपली बरीचशी द्राक्षं नेदरलँड्समध्ये उतरतात, त्यामुळं पहिला पत्रव्यवहार इंग्रजीतच होईल. म्हणून तुला बी.ए. करायला सांगत नाही. पदवी पूर्ण कर, सोबत प्रमाणपत्र आणि पदविकेचे वर्ग धर. पुण्याच्या आलियाँस फ्रॉन्सेजचे वर्ग आहेत, विद्यापीठाचेही आहेत. मी स्वतः सातारा-स्वारगेट विनाथांब्यानं शनिवार-रविवार तीन वर्षं ये-जा केली. शब्दांच्या चिठ्ठ्या खिशात असायच्या, कात्रजचा घाट येईपर्यंत वीस शब्द संपवायचे असा नेम होता.

मी सांगलीत इतिहासात एम.ए. करतेय. मोडी येते, थोडं फारसीही शिकले. मराठ्यांच्या इतिहासासाठी फ्रेंचचा उपयोग होईल का?

हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. मोडी आणि फारसी शिकणारी मुलं भेटतात, फ्रेंचकडं वळणारं क्वचितच कुणी.

उपयोग मोठा आहे. १६७७च्या सुमारास शिवाजी महाराज कर्नाटक मोहिमेवर होते, जिंजी घेतली, तेव्हा जवळच पाँडिचेरीत फ्रान्स्वा मार्तँ हा फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता. त्यानं पाहिलेलं-ऐकलेलं लिहून ठेवलं. तेव्हेनो आणि आबे कारे या फ्रेंच प्रवाशांनीही महाराजांविषयी लिहिलं. काही भाग इंग्रजीत आला आहे, पण अभ्यासकानं मूळ बघायलाच हवं. पुढं महादजी शिंद्यांच्या कवायती फौजा उभ्या करणारा डी बॉइन हाही फ्रेंच भाषकच. जुलै २०२५मध्ये पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपला प्रतापगड आहे आणि जिंजीही. या किल्ल्यांवर आता लिहिलं जाईल, आणि मूळ साधनं वाचू शकणारी माणसं हवी असतील.

सतराव्या शतकातली फ्रेंच वेगळी दिसते. स्पेलिंग जुनी असतात, 'शिवाजी'चं 'सेवाजी' झालेलं असतं. पण तू मोडी लावलीस, तुला धीर आहे. तुझ्यासाठी वाचन महत्त्वाचं, फोनवरचं संभाषण नंतर. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गालिका' हे डिजिटल दालन फुकट आहे, घरबसल्या जुनी पुस्तकं उघडतात. पाँडिचेरीत १९५५पासून फ्रेंच संशोधन संस्था आहे. आणि मराठीची घडण कशी झाली, यावरचा एक पायाभूत प्रबंध शंभर वर्षांपूर्वी ज्यूल ब्लॉख यांनी लिहिला, तोही फ्रेंचमध्ये. त्याचं मराठी भाषांतर झालं आहे. मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून रोज एक पान वाच. यापेक्षा चांगला वर्ग मी घेऊ शकणार नाही.

मी मिरजेत परिचारिका आहे. कॅनडाला जायचंय. एजंट म्हणतो, तीन महिन्यांत फ्रेंच करून देतो. खरं का?

नाही. २०२३पासून कॅनडा फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवड करतो, हे खरं. पण त्यासाठी चारही कौशल्यांत एनसीएलसी सात ही पातळी लागते (एनसीएलसी म्हणजे फ्रेंच मोजायची कॅनडाची स्वतःची मोजपट्टी), म्हणजे साधारण बी-टू. ड्युटी सांभाळून दीड-दोन वर्षं धरा. परीक्षा 'तेफ कॅनडा' किंवा 'तेसेएफ कॅनडा' द्यायची, डेल्फ तिथं चालत नाही. निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो, म्हणून फार आधी देऊ नका. तिथं परिचारिका म्हणून काम करायचा परवाना वेगळा, तो फ्रेंचनं मिळत नाही. एजंटाला पैसे देण्याआधी कॅनडा सरकारचं संकेतस्थळ स्वतः वाचा, आणि रात्रपाळीत वेळ मिळेल तेव्हा कानाला फ्रेंच बातम्या लावा. सुरुवातीला काही कळणार नाही, तरी लावा.