मोठ्या कंपनीत वेब आणि मोबाइलसाठी सॉफ्टवेअर घेताना खर्च कसा आटोक्यात ठेवावा?

तुमच्या कंपनीत साडेचार हजार माणसं आहेत, तीन कोटेशन आली आहेत आणि घासाघीस कुठे करायची असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर घासाघीस नंतर, आधी मोजणी.

मी चाकणच्या एका कारखान्यात बारा वर्षं आयटीची खरेदी बघतो. एका वर्षी रिन्यूअलला दर चांगला पाडून घेतला म्हणून खूश होतो. मग लॉगिनचा रिपोर्ट एक्सेलमध्ये घेऊन शेवटच्या लॉगिनच्या तारखेने लावला, तर सगळ्यात वर राजीनामा देऊन गेलेली माणसं! वर्षभर त्यांच्या नावाने पैसे भरत होतो. तेव्हापासून नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या हिशोबाच्या, म्हणजे फुल अँड फायनलच्या फॉर्मवर ‘लायसन्स काढलं’ अशी आयटीची सही लागते.

दुसरी मोजणी फोनची. आमच्याकडे लाइनवर एकच फोन तिन्ही शिफ्टला फिरतो, मागे चिकटपट्टीवर लाइनचा नंबर लिहिलेला. माणशी लायसन्स घेतलं तर त्या एका फोनला तीन लागतात, डिव्हाइसमागे घेतलं तर एकात भागतं. ऑफिसात उलटं आहे. लॅपटॉप, फोन, टॅब असं सगळं वापरणाऱ्याला माणशीच परवडतं. कंपनीचे फोन-लॅपटॉप एका जागेवरून सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनचं एक यूजर लायसन्स 15 डिव्हाइसपर्यंत चालतं. लाइनवरच्या ज्यांना स्वतःचं खातं हवंच, त्यांना मायक्रोसॉफ्टचा एफ-3 प्लॅन बघा. त्यात कॉम्प्युटरवर बसवायचं वर्ड-एक्सेल नसतं, वेब आणि मोबाइलवरचं असतं. सुपरवायझरला तेवढं पुरतं, अकाउंट्सला अजिबात नाही.

करारात ‘कर्मचारी’ म्हणजे कोण, ही व्याख्या शब्द न् शब्द वाचा. ओरॅकलने जानेवारी 2023 पासून जावाचं (अनेक प्रोग्राम ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर) सबस्क्रिप्शन कर्मचारीसंख्येवर नेलं. त्यात जावाला हात न लावणारेही मोजले जातात आणि कंपनीचं काम करणारी कंत्राटी माणसंसुद्धा. कंत्राटी कामगार जास्त असलेल्या कारखान्याला हे फार जड जातं.

रजा, गेटपास, मंजुऱ्या यांसाठी वेगळं मोबाइल ॲप बनवून घेऊ नका. अँड्रॉइड आणि आयओएस असे दोन्हीकडे पैसे जातात आणि पुढे दरवर्षी देखभालही येते. ब्राउझरमधून होम स्क्रीनवर ठेवता येणारं वेब ॲप पुरतं. मार्च 2023 च्या आयओएस 16.4 पासून अशा ॲपची नोटिफिकेशन आयफोनवरही येतात.

आता घासाघीस. आपण मार्चएंडला पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायला धावतो, पण सेल्सवाल्याला टार्गेटची घाई असते ती त्याच्या कंपनीचं आर्थिक वर्ष संपताना. मायक्रोसॉफ्टचं वर्ष 30 जूनला संपतं, ओरॅकलचं 31 मेला, सेल्सफोर्सचं 31 जानेवारीला. बोलणी त्या तारखांच्या आधी, सहा महिने हातात ठेवून सुरू करा. पुढच्या रिन्यूअलला दर किती टक्क्यांपर्यंतच वाढेल आणि मध्येच संख्या कमी करता येईल का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा सेल्सवाला तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

तुमची तिन्ही कोटेशन साडेचार हजारांवर काढलेली दिसतात. मागच्या 90 दिवसांत लॉगिन केलेल्यांचा आकडा आणि शिफ्टच्या फोनची संख्या द्या आणि तिघांकडूनही ती नव्याने मागवा.